प्रतिबिंबी हालचाली

शरीराच्या एका बाजूच्या अवयवाची हेतुपूर्वक हालचाल होत असताना विरुद्ध बाजूच्या त्याच अवयवाची तशीच हालचाल इच्छेविना घडून येते, तेव्हा या दुसऱ्या हालचालीला प्रतिबिंबी हालचाल असे म्हणतात. उजव्या हाताची मूठ मिटली असता डाव्या हाताची मूठही आपोआप मिटू लागणे, अथवा उजव्या अंगठ्याने क्रमाने प्रत्येक बोटाला स्पर्श करीत असताना डाव्या हाताची बोटेही त्याच क्रमाने हालणे, ही तिची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. दोन्ही बाजूंच्या समान स्नायूंचे आकुंचन एकाच वेळी होत असल्यामुळे एक हात दुसऱ्याची आरशातील प्रतिमा असावी असे दिसते. त्यावरूनच हे नाव पडले आहे. या हालचाली मुख्यतः हातांच्या बोटांत व मनगटांत दिसून येतात. खांदा, कोपर व पाय यांमध्ये त्या क्वचित व सौम्य प्रमाणात असतात.

लहान मुलांमध्ये प्रतिबिंबी हालचाली सौम्य प्रमाणात असणे ही वाढीतील एक नैसर्गिक अवस्था आहे. वय वाढते तशा त्या कमी होत जातात व सामान्यतः दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसेनाशा होतात. त्यानंतरही त्या ठळकपणे टिकून राहिल्या किंवा प्रौढपणी नव्याने उद्भवल्या, तर तंत्रिका तंत्रातील दोषाचे ते लक्षण समजले जाते. ‘प्रतिबिंब’ वा ‘आरसा’ हे शब्द असलेल्या इतर काही संज्ञांपासून ही संज्ञा वेगळी ओळखली पाहिजे. दुसऱ्याची कृती पाहताना उद्दीपित होणाऱ्या तथाकथित ‘आरसा-कोशिका’, अक्षरे उलट्या दिशेने लिहिण्याची सवय आणि अवयव गमावलेल्या रुग्णांना आरशाच्या साहाय्याने दिला जाणारा उपचार यांचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध नाही. एक हात स्वतंत्रपणे व हेतुपूर्ण वाटावी अशी भलतीच कृती करतो, तो विकारही निराळा आहे. प्रतिबिंबी हालचालीत दुसरा हात पहिल्याची केवळ नक्कल करतो.

ऐतिहासिक आढावा : डोक्याच्या एका बाजूस जखम झाली असता शरीराच्या विरुद्ध बाजूस आचके येतात, हे हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांना ठाऊक होते. याचे शारीरिक कारण मात्र अठराव्या शतकाच्या प्रारंभी स्पष्ट झाले. इटालियन वैद्य दोमेनीको मिस्तिकेल्ली यांनी १७०९ मध्ये व फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद फ्रांस्वा पूरफूर द्यू पती यांनी १७१० मध्ये लंबमज्जेतील तंत्रिका तंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात असे दाखविले. गुस्टाफ फ्रिच व एडुआर्ट हिट्सिख या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या प्रमस्तिष्काच्या पृष्ठभागावर विद्युत् प्रवाह सोडून विरुद्ध बाजूच्या स्नायूंत हालचाल घडवून आणली, तेव्हा मेंदूचा प्रत्येक अर्धभाग शरीराच्या विरुद्ध अर्धभागाचे नियंत्रण करतो हे प्रयोगाने सिद्ध झाले. प्रतिबिंबी हालचालींचे प्रारंभीचे वैद्यकीय वर्णन एर्लेनमायर यांनी १८७९ मध्ये केले असे मानले जाते. या हालचालींमागील यंत्रणेचा उलगडा होण्यास मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली.

प्रेरक मार्गाची रचना : ऐच्छिक हालचालींची आज्ञा प्रमस्तिष्क बाह्यकातील प्रेरक क्षेत्रातून निघते. तेथील तंत्रिका कोशिकांचे लांब अक्षतंतू एकत्र येऊन मस्तिष्क स्तंभातून खाली उतरतात आणि लंबमज्जेच्या पुढील पृष्ठभागावर पिरॅमिडसारखे दिसणारे दोन उंचवटे तयार करतात. प्रत्येक उंचवट्यात सु. दहा लाख तंतू असतात. लंबमज्जेच्या खालच्या टोकाशी यांपैकी ८० ते ९० टक्के तंतू मध्यरेषा ओलांडून विरुद्ध बाजूस जातात व मेरुरज्जूतून खाली उतरतात. तंतूंच्या या अदलाबदलीस पिरॅमिडी व्यत्यास म्हणतात. उरलेले तंतू आपल्याच बाजूने खाली जातात. ते प्रामुख्याने धड व खांदा यांच्या स्नायूंशी संबंधित असतात, बोटांच्या सूक्ष्म हालचालींत त्यांचा वाटा अल्प असतो. बोटे स्वतंत्रपणे हलविण्याचे कौशल्य जवळजवळ सर्वस्वी व्यत्यासित मार्गावर अवलंबून असते. प्रतिबिंबी हालचाली बोटांतच सर्वांत ठळक का असतात, याचे कारण या रचनेत सापडते.

डावा व उजवा असे प्रमस्तिष्काचे दोन्ही गोलार्ध एकमेकांस कॉर्पस कॅलोसम या तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. प्रौढ माणसात या पट्ट्यात सु. २० कोटी तंतू असतात. एका बाजूच्या प्रेरक क्षेत्रातून दुसऱ्या बाजूच्या प्रेरक क्षेत्राकडे जाणारे संदेश याच पट्ट्यातून जातात व त्यांपैकी पुष्कळांचा अंतिम परिणाम निरोधनाचा, म्हणजे समोरच्या क्षेत्राला आवर घालण्याचा, असतो. गोलार्धांच्या पुढील भागात मध्यरेषेलगत पूरक प्रेरक क्षेत्र असते. कोणती हालचाल करावयाची व ती कोणत्या हाताने, याची पूर्वतयारी करण्यात या क्षेत्राचा महत्त्वाचा सहभाग असतो.

एका हाताची हालचाल : दोनच हात असलेल्या प्राण्याला केवळ एक हात हलविणे ही साधी गोष्ट वाटेल; परंतु तंत्रिका तंत्राच्या दृष्टीने ती सोपी नाही. दोन्ही हात समरूपतेने हालण्याकडे त्याचा मूळचा कल असतो. कोणालाही याची प्रचिती घेता येते. दोन्ही हातांच्या तर्जनी टेबलावर पुढे रोखून त्या एकाच वेळी उजवीकडे, मग एकाच वेळी डावीकडे अशा हलवाव्यात व वेग वाढवत न्यावा. एका विशिष्ट वेगानंतर बोटे ही समांतर गती सोडून आपोआप आरशासम गतीत शिरतात. एकाच वेळी आत व एकाच वेळी बाहेर अशी हालू लागतात. याउलट आरशासम गतीने आरंभ केल्यास वेग वाढवूनही असा बदल होत नाही. स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये या आविष्काराचे मोजमापासह वर्णन केले आणि १९८५ मध्ये त्याला गणिती रूप देण्यात आले. निरोगी प्रौढ व्यक्तीनेही एका हाताने फार जोर लावला किंवा तो हात थकला, तर दुसऱ्या हाताच्या स्नायूंत अल्प क्रियाशीलता निर्माण होते. ती डोळ्यांना बहुधा दिसत नाही, पण स्नायूंतील विद्युत् क्रियेच्या आलेखात नोंदली जाते.

यावरून असे दिसते की, एकच हात हलावा यासाठी दोन व्यवस्था निर्दोष असाव्या लागतात. पहिली व्यवस्था मार्गाची : एका गोलार्धातून निघालेली आज्ञा विरुद्ध बाजूच्याच हाताकडे पोहोचली पाहिजे. दुसरी व्यवस्था आवर घालण्याची : एक गोलार्ध कार्यरत असताना दुसऱ्या गोलार्धाचे प्रेरक क्षेत्र शांत राहिले पाहिजे. पहिली व्यवस्था जन्मापूर्वी बहुतांशी घडते व जन्मानंतर काही काळ तिच्यात फेरफार होत राहतात, तर दुसरी बालपणात हळूहळू परिपक्व होते. यांपैकी एक किंवा दोन्ही अपुऱ्या राहिल्या म्हणजे प्रतिबिंबी हालचाली दिसू लागतात.

मध्यरेषा ओलांडण्याची क्रिया : गर्भाच्या तंत्रिका तंत्रात प्रत्येक अक्षतंतूचे वाढते टोक भोवतालच्या रासायनिक खुणांच्या आधारे वाट शोधते. काही पदार्थ त्यास आकर्षून घेतात, तर काही दूर सारतात. तंतूंना मध्यरेषेकडे आकर्षून घेणारे प्रथिन मार्क टेसिए-लाव्हीन्य व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूंपासून शुद्ध स्वरूपात मिळविले. संस्कृतातील ‘नेतृ’, म्हणजे नेणारा वा वाट दाखविणारा, या शब्दावरून त्यास नेट्रिन हे नाव देण्यात आले. या प्रथिनाची सूत्रकृमीतील आवृत्ती त्याआधीच ज्ञात होती. म्हणजे वाट दाखविण्याची ही रीत प्राणिसृष्टीत फार प्राचीन आहे. नेट्रिन ओळखणारे ग्राही प्रथिन तंतूंच्या टोकावर असते व त्यास डीसीसी म्हणतात. या प्रथिनाचा जीन १९९० मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या संशोधनातून प्रथम उजेडात आला होता. तो नेट्रिनचा ग्राही असल्याचे १९९६ मध्ये स्पष्ट झाले.

मध्यरेषेवरील तळपट्टीच्या कोशिका नेट्रिन स्रवतात व ते दूरवर पसरून तंतूंना खेचून घेते, अशी प्रारंभीची कल्पना होती. उंदरांवरील २०१७ मधील प्रयोगांनी या कल्पनेत दुरुस्ती केली. तळपट्टीखेरीज तंत्रिका नलिकेच्या भित्तीतील कोशिकांनी तयार केलेले नेट्रिन तंतूंच्या वाटेवरच साठते व त्यांना जवळून आधार देते, असे त्यांतून दिसून आले. मध्यरेषा एकदा ओलांडल्यावर तंतूंची वृत्ती पालटते. तेथील स्लिट नावाची प्रथिने रोबो या ग्राहींमार्फत त्यांना दूर सारतात. त्यामुळे पलीकडे गेलेला तंतू पुन्हा मागे फिरत नाही. खेचणे व ढकलणे यांच्या या क्रमावर माणसाच्या दोन्ही हातांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

प्राण्यांमध्येही याचे प्रत्यंतर मिळते. डीसीसीच्या जीनमध्ये आपोआप बिघाड झालेल्या उंदरांचे वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे उंदीर मागचे पाय एकाआड एक टाकण्याऐवजी दोन्ही एकदम उचलून कांगारूसारख्या उड्या मारीत चालतात. म्हणून त्यांच्या वाणास ‘कांगा’ असे नाव पडले.

जन्मजात प्रतिबिंबी हालचाली : काही व्यक्तींमध्ये इतर कोणताही तंत्रिका विकार नसताना जन्मापासून ठळक प्रतिबिंबी हालचाली असतात. तान्ह्या वयात किंवा बालपणाच्या प्रारंभी त्या लक्षात येतात व आयुष्यभर टिकतात, मात्र सामान्यतः वाढत जात नाहीत. बुद्धी व स्नायूंची ताकद सर्वसाधारण असते. हा विकार अत्यंत विरळ असून अनेकदा एकाच कुटुंबातील लागोपाठच्या पिढ्यांत आढळतो. त्याची आनुवंशिकता बहुधा प्रभावी स्वरूपाची असते, म्हणजे माता किंवा पिता यांपैकी एकाकडून सदोष जीन आला तरी विकार उद्भवू शकतो. तथापि सदोष जीन असलेल्या प्रत्येक व्यक्तीत लक्षणे दिसतातच असे नाही. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या आजोबांकडून व निरोगी वडिलांमार्फत हा दोष नातवापर्यंत पोहोचू शकतो.

कॅनडातील एका फ्रेंचभाषक कुटुंबाच्या व एका इराणी कुटुंबाच्या अभ्यासातून २०१० मध्ये डीसीसी जीनमधील उत्परिवर्तने हे या विकाराचे एक कारण असल्याचे उघड झाले. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरून बांधलेल्या अटकळीला त्यामुळे मानवी पुरावा मिळाला. पुढे २०१७ मध्ये नेट्रिन-१ या प्रथिनाच्या जीनमधील दोषही कारण ठरू शकतात असे दिसून आले. दरम्यान २०१२ मध्ये आरएडी-५१ या जीनचा शोध अनपेक्षित ठरला. कारण त्याचे प्रथिन तुटलेल्या डीएनए रेणूची दुरुस्ती करणारे म्हणून ओळखले जात होते आणि तंतूंच्या मार्गदर्शनाशी त्याचा संबंध असेल असे कोणास वाटले नव्हते. एका पाकिस्तानी कुटुंबातील अप्रभावी स्वरूपाच्या विकारात डीएनएएल-४ या जीनमधील दोष २०१४ मध्ये नोंदविण्यात आला. सर्व कुटुंबांतील कारणे या चार जीनांनी स्पष्ट होत नाहीत.

व्यत्यास सदोष असल्याने नेमके काय घडते, हे समजण्यास आणखी एका विकाराशी केलेली तुलना उपयोगी पडते. डोळे आडव्या दिशेने फिरविता न येणे व पाठीचा कणा उत्तरोत्तर बाजूस वाकत जाणे, अशी लक्षणे असलेल्या एका आनुवंशिक विकारात रोबो-३ या जीनमध्ये दोष असतो, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. यात प्रेरक मार्गाचे तंतू मध्यरेषा ओलांडतच नाहीत. तरीही या रुग्णांत प्रतिबिंबी हालचाली सामान्यतः आढळत नाहीत. त्यांचा डावा गोलार्ध डाव्या हाताचे व उजवा गोलार्ध उजव्या हाताचे नियंत्रण करतो. यावरून तंतू कोणत्या बाजूस जातात यापेक्षा एका गोलार्धाची आज्ञा एकाच बाजूस जाते की दोन्ही बाजूंना विभागली जाते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. जन्मजात प्रतिबिंबी हालचालींत आज्ञा दोन्ही बाजूंना पोहोचते.

गोलार्धांमधील निरोधन : नवजात बालकात प्रत्येक गोलार्धाचे दोन्ही हातांशी प्रभावी संबंध असतात. पहिल्या दोन वर्षांच्या सुमारास आपल्याच बाजूच्या हाताकडे जाणारे संबंध दुबळे होत जातात व विरुद्ध बाजूचे बळकट होतात. तरीही चार-पाच वर्षांच्या मुलाने एका हाताने मणी ओवताना किंवा कात्री चालविताना दुसऱ्या हाताची बोटे चाळविली, तर त्यात नवल नाही. कॉर्पस कॅलोसममधील तंतूंवर मायेलिनाचे वेष्टन चढण्याची क्रिया संथ असते आणि ती बालपणभर व त्यानंतरही चालू राहते. ती पुढे जाते तसा एका गोलार्धाचा दुसऱ्यावरील आवर परिणामकारक होतो व प्रतिबिंबी हालचाली मावळतात. मात्र ज्यांच्यात हा पट्टा जन्मतःच नसतो अशा सर्वच व्यक्तींत ठळक प्रतिबिंबी हालचाली आढळत नाहीत. तेव्हा हे निरोधन म्हणजे या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नव्हे. हालचालीची तयारी होत असतानाच ती एकाच बाजूपुरती मर्यादित करण्याचे काम पूरक प्रेरक क्षेत्रासारखी क्षेत्रे करीत असतात. आरएडी-५१ मधील दोष असलेल्या व्यक्तींमध्ये व्यत्यास व कॅलोसममार्फत होणारे निरोधन यांबरोबरच ही तयारीही बदललेली आढळली आहे.

यंत्रणांची पारख : दिसण्यात सारख्या वाटणाऱ्या दोन रुग्णांच्या हालचालींमागील कारणे भिन्न असू शकतात. ती ओळखण्याचे प्रभावी साधन १९८५ मध्ये उपलब्ध झाले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचे वेदनारहित उद्दीपन करण्याची पद्धती विकसित केली. हातासंबंधीच्या प्रेरक क्षेत्रावर असा स्पंद दिला असता निरोगी प्रौढात सु. २० मिलिसेकंदांनी विरुद्ध हाताचे स्नायू आकुंचन पावतात; त्याच बाजूचा हात स्तब्ध राहतो. जन्मजात प्रतिबिंबी हालचाली असलेल्या व्यक्तीत मात्र एकाच स्पंदाने दोन्ही हातांत प्रतिसाद मिळतो व दोन्ही प्रतिसादांना लागणारा वेळ जवळजवळ सारखा असतो. त्यावरून त्याच गोलार्धातून त्याच बाजूच्या हाताकडे जाणारा जलद व थेट मार्ग अस्तित्वात असल्याचे सिद्ध होते. दोन्ही हातांच्या स्नायूंचे विद्युत् आलेख एकमेकांशी ताडून पाहिले असता त्यांना एकाच उगमाकडून प्रेरणा मिळते असेही दिसून आले आहे.

याउलट लहान मुलांतील, थकलेल्या प्रौढांतील व कंपवाताच्या काही रुग्णांतील प्रतिबिंबी हालचालींत असा थेट मार्ग आढळत नाही. तेथे दुसरा हात आपल्या नेहमीच्या, म्हणजे विरुद्ध बाजूच्या, गोलार्धाकडूनच आज्ञा घेतो. तो गोलार्ध मात्र शांत राहावयाचा असताना जागृत झालेला असतो. एका प्रकारात दोष मार्गाचा, तर दुसऱ्यात आवर घालण्याचा, असा हा भेद आहे.

इतर विकारांतील आढळ : मानेचे मणके जन्मतः एकमेकांस जुळलेले असणे, आखूड मान व केसांची खाली उतरलेली सीमारेषा ही लक्षणे असलेल्या विकृतीचे वर्णन मॉरिस क्लिपेल व आंद्रे फेल यांनी १९१२ मध्ये केले. या रुग्णांपैकी काहींमध्ये प्रतिबिंबी हालचाली असतात. अशा एका रुग्णाच्या मरणोत्तर तपासणीत पिरॅमिडी व्यत्यास सदोष असल्याचे १९६८ मध्ये नोंदविले गेले आहे. फ्रांट्स कालमान यांनी १९४४ मध्ये वर्णिलेल्या लक्षणसमूहात वासाचे ज्ञान नसते व लैंगिक हॉर्मोनांच्या अभावी तारुण्याची लक्षणे प्रकट होत नाहीत. त्याच्या एक्स गुणसूत्राशी निगडित प्रकारात बहुसंख्य पुरुष रुग्णांच्या हातांत प्रतिबिंबी हालचाली आढळतात.

गर्भावस्थेत किंवा जन्माच्या सुमारास एका गोलार्धास इजा झाल्यास निरोगी गोलार्धाचे दोन्ही हातांशी असलेले आरंभीचे संबंध मावळत नाहीत. एकच गोलार्ध दोन्ही हातांचा कारभार पाहू लागतो. दुबळा हात त्यामुळे काही अंशी वापरता येतो, परंतु त्याची किंमत प्रतिबिंबी हालचालींच्या रूपाने मोजावी लागते. प्रौढपणी पक्षाघात झाल्यावर दुबळा हात हलविण्याचा प्रयत्न केला असता निरोगी हातातही हालचाल दिसू शकते. कंपवाताच्या प्रारंभीच्या अवस्थेत, जेव्हा शरीराची एक बाजू अधिक बाधित असते तेव्हा, कमी बाधित बाजूस प्रतिबिंबी हालचाली आढळतात.

परीक्षा व निदान : तपासणीसाठी कोणत्याही उपकरणाची गरज लागत नाही. रुग्णास एक हात मांडीवर सैल ठेवण्यास सांगून दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करणे, तर्जनीने टिचक्या मारणे व अंगठ्याने क्रमाने प्रत्येक बोटास स्पर्श करणे अशा कृती करवून घेतात व स्तब्ध हाताचे निरीक्षण करतात. नंतर हात बदलतात. वूड्स व टॉइबर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या श्रेणीनुसार हालचालींची तीव्रता ० ते ४ अशी मोजली जाते. ० म्हणजे हालचालीचा अभाव, १ म्हणजे जेमतेम जाणवणारी हालचाल, तर ४ म्हणजे हेतुपूर्वक हलविलेल्या हाताच्या बरोबरीची हालचाल होय.

या साध्या तपासणीचे महत्त्व मोठे आहे. दहा वर्षांवरील मुलात ठळक प्रतिबिंबी हालचाली आढळल्यास मानेची क्ष-किरण तपासणी करणे हितावह असते; कारण मानेचे मणके जुळलेले असल्यास किरकोळ आघातानेही मेरुरज्जूस इजा पोहोचण्याचा संभव असतो व मल्लखांब, कुस्ती यांसारखे खेळ धोक्याचे ठरतात. मुलास वास येतो किंवा नाही याची चौकशीही करावी. कालमान लक्षणसमूहातील हॉर्मोनांचा अभाव उपचारसाध्य आहे, परंतु तो वयात येण्याच्या काळापर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. हातांच्या हालचाली मात्र त्याआधी अनेक वर्षे दिसत असतात.

दैनंदिन जीवन : जन्मजात प्रतिबिंबी हालचालींमुळे आयुर्मानास बाधा येत नाही, पण दोन हातांनी दोन निरनिराळी कामे करणे अवघड होते. शर्टाची गुंडी लावणे, बुटाची नाडी बांधणे, सुईत दोरा ओवणे या कृतींत एक हात धरतो व दुसरा फिरतो. येथे दोन्ही हात एकच कृती करू पाहतात. शिडी चढताना किंवा दोर ओढताना एका हाताची पकड सोडावी लागते, तेव्हा दुसऱ्या हाताची पकडही सैल होण्याचा धोका असतो. तबला किंवा पेटी यांसारख्या वाद्यांत तर दोन्ही हातांचे काम मुळातच भिन्न असते. दुसरा हात आवरून धरण्याचा सततचा प्रयत्न थकविणारा असतो. दीर्घकाळ लिहिल्यावर अनेकांचे हात दुखतात. कित्येकजण लिहिताना मोकळा हात मांडीखाली दाबून धरतात किंवा खिशात घालतात.

शाळेत अशा मुलाकडे खोडकर, धांदरट किंवा हट्टी म्हणून पाहिले जाण्याची शक्यता असते. ‘दुसरा हात स्थिर ठेव’ अशी आज्ञा त्याला समजते व ती पाळण्याची त्याची इच्छाही असते. परंतु ज्या आज्ञेने त्याचा उजवा हात लिहितो तीच आज्ञा डाव्या हाताकडेही गेलेली असते. ती परत बोलाविणे त्याच्या हाती नसते. इच्छाशक्तीने हालचाल काही अंशी दाबता येते, पण त्यासाठी द्यावे लागणारे लक्ष लेखनातून कमी होते. शिक्षा किंवा टोमणे यांनी ताण वाढतो व मूळ हालचाल जशीच्या तशी राहते.

मूळ रचना बदलणारा उपचार उपलब्ध नाही. तथापि व्यवसायोपचाराच्या साहाय्याने दैनंदिन कृती सुलभ करता येतात. बंदांऐवजी चिकटपट्टीचे बूट, वही जागेवर धरून ठेवणारी पाटी, एका हाताने वापरता येणारी साधने, लेखी परीक्षेत वाढीव वेळ व फार लेखन न लादण्याची दक्षता या उपायांनी पुष्कळ साहाय्य होते. दोन्ही हातांच्या सूक्ष्म व भिन्न हालचालींची सतत गरज लागणारे व्यवसाय टाळण्याचा सल्ला वेळीच दिल्यास पुढील निराशा टळते. कुटुंबात हा विकार असल्यास आनुवंशिकतेविषयी तज्ञाचा सल्ला घेणे उचित असते. लहान मुलांतील सौम्य व वयानुसार मावळत जाणाऱ्या हालचालींसाठी कोणत्याही उपचाराची गरज नसते. पालकांना ही खात्री देणे हेच वैद्याचे काम असते.

आरंभी केवळ एक कुतूहलजनक दोष म्हणून नोंदला गेलेला हा आविष्कार तंत्रिकाविज्ञानास फलदायी ठरला आहे. एका हाताने दिवा धरावा व दुसऱ्याने वात सारावी, यासाठी गर्भातील तंतूंनी योग्य ठिकाणी मध्यरेषा ओलांडलेली असावी लागते व मेंदूच्या दोन्ही गोलार्धांनी एकमेकांस थांबविण्याचे कसब बालपणात आत्मसात केलेले असावे लागते. हातांचे हे स्वातंत्र्य जन्मतः पूर्णत्वाने मिळत नाही, ते क्रमाक्रमाने घडते, हे प्रतिबिंबी हालचालींच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.